युद्धपट : प्रचार व आस्वाद

युद्धपट : प्रत्यक्ष युद्ध, युद्धाची सिद्धता किंवा युद्धाचे मानवी परिणाम हा ज्याचा मुख्य विषय असतो, असा कथापट वा अनुबोधपट. ह्या प्रकारातील पुष्कळशी निर्मिती राज्यसंस्थेच्या प्रेरणेने, साहाय्याने किंवा निदान संमतीने झालेली आहे. त्यामुळे चित्रपटमीमांसेत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो : जो चित्रपट प्रेक्षकाचे मत एका विशिष्ट बाजूला वळविण्यासाठीच तयार केला गेला, त्याचा कलाकृती म्हणून आस्वाद घेता येतो काय, आणि येत असल्यास तो आस्वाद निर्दोष मानावा काय? हे वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अनुभवानेच दिलेले आहे, कारण असे चित्रपट लोकांनी आवडीने पाहिले आहेत व आजही पाहतात. वाद आहे तो दुसऱ्याविषयी.

युद्धपट व राज्यसंस्था यांचे सख्य केवळ विचारसरणीचे नाही, ते साधनसामग्रीचेही आहे. रणगाडे, विमाने, युद्धनौका आणि शिस्तीत हालचाल करणारे हजारो लोक सरकारखेरीज सहसा कोणाजवळ नसतात. विंग्ज (१९२७) ह्या अमेरिकन मूकपटातील हवाई युद्धाची दृश्ये अमेरिकेच्या लष्कराने विमाने, वैमानिक व सैनिक पुरविल्यामुळेच चित्रित होऊ शकली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ह्या व्यवहाराला रीतसर रूप दिले. पटकथा तपासून पसंत पडल्यास सामग्री व स्थळे उपलब्ध करून द्यावयाची, न पडल्यास नाकारावयाची, अशी ही पद्धती आहे. टॉप गन (१९८६) ला नौदलाचे साहाय्य मिळाले. अपॉकॅलिप्स नाउ (१९७९) ला ते मिळाले नाही, म्हणून दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला याने फिलिपीन्स सरकारची हेलिकॉप्टरे वापरली आणि तीही अधूनमधून तेथील बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेसाठी परत मागविली जात. अशा व्यवस्थेत उघड सक्तीची आवश्यकता राहत नाही. कोणते दृश्य स्वस्तात मिळेल व कोणते महाग पडेल, हे निर्मात्याला पटकथा लिहितानाच कळलेले असते.

प्रचारासाठी युद्धाच्या चलच्चित्रणाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग पहिल्या महायुद्धात झाला. द बॅटल ऑफ द सॉम हा ब्रिटिश अनुबोधपट, ती लढाई चालू असतानाच, ऑगस्ट १९१६ मध्ये प्रदर्शित झाला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपली, असा अंदाज आहे. त्यातील सैनिक खंदकातून बाहेर पडून धावत जातात, हे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते, असे पुढे निष्पन्न झाले. तथापि त्याच चित्रपटात जखमींचे व मृतांचे अस्सल चित्रणही आहे आणि कॅमेऱ्याकडे क्षणभर पाहून पुढे जाणारे सैनिकांचे चेहरे आहेत. ज्यांचे आप्त आघाडीवर होते, अशा लोकांनी ते चेहरे निरखून पाहिले. सरकारला अभिप्रेत असलेला परिणाम आणि प्रेक्षकाने त्यातून घेतलेला अनुभव एकरूप नसतात, याचा हा आरंभीचाच दाखला होय.

ह्या प्रश्नाच्या सर्व बाजू एकत्र दिसतील असे उदाहरण म्हणजे सेर्गेई आयझेनस्टाइन याचा अलेक्झांडर नेव्हस्की (१९३८). नाझी जर्मनीकडून सोव्हिएट रशियाला असलेला धोका जनतेच्या मनावर ठसविणे, हा त्याचा उघड हेतू होता. त्यासाठी १२४२ साली पायपस सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर नॉव्हगोरॉडच्या सैन्याने ट्युटॉनिक सरदारांचा केलेला पराभव हा विषय निवडण्यात आला. संकेत मुळीच सूक्ष्म नाहीत. आक्रमकांच्या पायदळाची शिरस्त्राणे विसाव्या शतकातील जर्मन सैनिकांच्या शिरस्त्राणांची आठवण करून देतात. त्यांच्या सरदारांचे चेहरे लोखंडी डब्यांसारख्या शिरस्त्राणांनी झाकलेले आहेत, तर रशियनांचे चेहरे उघडे, हसरे व मातीतले. जिंकलेल्या प्स्कॉव्ह नगरात आक्रमक लहान मुलांना आगीत फेकतात. एका बाजूला माणसे व दुसऱ्या बाजूला यंत्र, अशी ही मांडणी आहे आणि तिच्यात शंकेला जागा ठेवलेली नाही.

असे असूनही बर्फावरील लढाईचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग चित्रपटकलेच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून बसला आहे. ती दृश्ये मॉस्कोनजीक भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फ पसरून चित्रित करण्यात आली. छायालेखक एदुआर्द तिसे याने आकाशाला चौकटीत इतकी जागा दिली, की क्षितिजाशी दिसणारी शत्रूची बारीक रेषाच भयप्रद वाटू लागते. सेर्गेई प्रकोफिएव्ह याचे संगीत काही ठिकाणी चित्रणानंतर रचले गेले, तर काही ठिकाणी आधी संगीत तयार झाले व मग त्याला अनुसरून दृश्ये जुळविण्यात आली. चित्र व ध्वनी ह्यांच्या परस्परसंबंधांचे जे विवेचन आयझेनस्टाइनने पुढे केले, त्यात त्याने लढाईपूर्वीच्या प्रतीक्षेच्या ह्याच दृश्यमालिकेचा आधार घेतला. शेवटी बर्फ फुटून सरदार पाण्यात बुडतात. ह्या प्रसंगाला जवळच्या काळातील साधनांत भक्कम आधार नाही, परंतु आज पुष्कळांच्या मनात त्या लढाईचे जे चित्र आहे, ते इतिहासग्रंथांपेक्षा ह्या चित्रपटाचेच आहे.

त्याचा पुढील इतिहास अधिक बोधक आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएट रशिया यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला आणि हा चित्रपट पडद्यावरून नाहीसा झाला. १९४० मध्ये आयझेनस्टाइनने बोल्शोई रंगभूमीवर रिखार्ट व्हाग्नरची डी वाल्क्यूर ही जर्मन संगीतिका सादर केली. जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण करताच अलेक्झांडर नेव्हस्की पुन्हा सर्वत्र झळकू लागला. १९४२ मध्ये सोव्हिएट सरकारने नेव्हस्कीच्या नावे लष्करी पदक सुरू केले, तेव्हा त्याचे अस्सल व्यक्तिचित्र उपलब्ध नसल्याने पदकावर नट निकोलाय चेर्कासव्ह याची भूमिकेतील मुद्रा घेण्यात आली. चार वर्षांच्या अवधीत चित्रपटातील एकही चौकट बदलली नव्हती. तो इष्ट होता, मग गैरसोयीचा झाला, मग अत्यावश्यक ठरला. प्रचारमूल्य हा कृतीच्या अंगभूत गुणांइतकाच तिच्या भोवतालच्या परिस्थितीचा परिणाम असतो, असे यावरून म्हणता येते.

ह्यावरून काही टीकाकार असा निष्कर्ष काढतात, की आशय व आविष्कार यांची फारकत करावी. प्रचार गळून पडू द्यावा व रचना तेवढी आस्वादावी. हा मार्ग सोयीचा असला, तरी सदोष आहे. आयझेनस्टाइनच्याच बॅटलशिप पोतेमकिन (१९२५) ची कहाणी याच्या विरुद्ध साक्ष देते. मार्च १९३३ मध्ये जर्मन प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स याने चित्रपट व्यावसायिकांपुढील भाषणात ह्या बोल्शेव्हिक चित्रपटाची वाखाणणी केली. ज्याची स्वतःची मते पक्की नाहीत, तो हा चित्रपट पाहून बोल्शेव्हिक होऊ शकेल, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आणि तशी कलाकृती जर्मनीत निर्माण व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. आयझेनस्टाइनने १९३४ मध्ये जाहीर पत्र लिहून तिचा तिखट समाचार घेतला. ब्रिटनमधील अभ्यवेक्षकांनीही हा चित्रपट १९२६ मध्ये नाकारला व १९५४ पर्यंत त्याला सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी दिली नाही. ओडेसाच्या पायऱ्यांवरील हत्याकांड चित्रपटात दाखविले आहे तसे त्या पायऱ्यांवर घडले नव्हते. शहरात अन्यत्र मात्र माणसे मारली गेली होती. पायऱ्यांच्या उतरत्या लयीतून जो संताप प्रेक्षकाच्या मनात चढत जातो, तोच त्या दृश्याचा प्रचार आहे आणि तीच त्याची कला आहे. गोबेल्सला व ब्रिटिश अभ्यवेक्षकांना ही गोष्ट रूपवादी समीक्षकांपेक्षा अधिक नेमकी उमगली होती, असे म्हणणे भाग आहे.

भारतीय साहित्यशास्त्रातील रसविचार येथे काही अंशी मार्गदर्शक ठरतो. वीररसाचा स्थायिभाव उत्साह हा होय. लौकिक उत्साहाचा रस होण्यासाठी साधारणीकरण आवश्यक असते, म्हणजे ‘हा माझा’, ‘हा शत्रूचा’ असे व्यक्तिगत संबंध गळून पडावे लागतात. विशिष्ट देशकालाशी व स्वपरभावाशी जखडून राहणे यास अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांमध्ये गणले आहे. प्रचाराला हवे असते ते याच्या नेमके उलट : हा शत्रू तुझाच, धोका आजचाच, आणि नाट्यगृहाबाहेर पडून काही कृती करावयाची आहे. ह्या न्यायाने पाहता युद्धपट त्याच्या काळात प्रचार असतो व काळ लोटल्यावर रसविषय होतो, असे म्हणता येईल. पोवाड्यांच्या बाबतीत असेच घडले आहे. अफजलखानवधाचा अगीनदासकृत पोवाडा आश्रयदात्याच्या पराक्रमाचे वर्णन म्हणून रचला गेला, आज तो ऐकताना राजकीय प्रयोजन श्रोत्याला जाणवतेच असे नाही.

परंतु एवढ्याने समाधान होत नाही. त्या त्या काळच्या प्रेक्षकांनाही हे चित्रपट मनापासून आवडले होते आणि तो आनंद केवळ विघ्नग्रस्त होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय काळाचे अंतर सर्वांना सारखे उपलब्ध नसते. ज्या समाजाला पडद्यावर चेहरा नाकारला गेला, त्याच्या वंशजांना विघ्न पन्नास वर्षांनंतरही जाणवू शकते. रा. भा. पाटणकर यांनी सौंदर्यमीमांसा (१९७४) या ग्रंथात कलाव्यवहारातील लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची चर्चा केली आहे. युद्धपट हा असा विषय आहे, की त्यात कोणत्याही एका ध्रुवावर स्थिर उभे राहता येत नाही.

अधिक उपयुक्त कसोटी वेगळ्या ठिकाणी सापडते. संदेशाला ज्याची गरज नव्हती असे काही चित्रपटाने पाहिले आहे काय, आणि पाहिलेले राहू दिले आहे काय? द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प (१९४३) हा मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांचा ब्रिटिश चित्रपट ऐन युद्धात निघाला. त्याचे प्रतिपादन सरकारला अडचणीचे असण्याचे वस्तुतः कारण नव्हते. नाझींशी लढताना जुन्या सभ्य योद्ध्यांचे नियम पुरे पडणार नाहीत, हेच तो सांगतो. पण ते सांगताना तो त्या जुन्या योद्ध्यावर, म्हणजे कालबाह्य सेनाधिकारी क्लाइव्ह कँडी याच्यावर, प्रेक्षकाचे प्रेम जडवितो. त्याचा आयुष्यभराचा मित्र एक जर्मन अधिकारी आहे. हा मित्र वार्धक्यात निर्वासित म्हणून इंग्लंडमध्ये येतो आणि आपले मुलगे नाझी कसे झाले, हे परदेशीयांची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगतो. बॉम्बवर्षावाची स्मृती ताजी असलेल्या प्रेक्षकांपुढे चित्रपटातील सर्वांत समंजस भाषण जर्मन माणसाच्या तोंडी घातलेले आहे. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना हा चित्रपट निघू नये असे वाटत होते. त्यांनी तो थांबविण्याचा प्रयत्न केला. तो निघाला तरी परदेशी प्रदर्शन काही काळ रोखून धरण्यात आले आणि बाहेर तो दीर्घकाळ काटछाट केलेल्या स्वरूपातच दाखविला गेला.

दुसऱ्या टोकाला कोलबेर्ग (१९४५) आहे. गोबेल्सच्या आज्ञेवरून फाइट हारलान याने दिग्दर्शित केलेला हा रंगीत चित्रपट १८०७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याला तोंड देणाऱ्या एका किनारी नगराची कथा सांगतो. प्रत्यक्षातील वेढा टिलझिटच्या तहाच्या वेळी झालेल्या युद्धविरामाने संपला होता; चित्रपटाला मात्र नागरिकांच्या निर्धाराचा विजय दाखवावयाचा होता. सैनिकांची रणांगणावर निकड असताना हजारोंना चित्रीकरणासाठी वापरण्यात आले. पूर्ण झालेला चित्रपट पाहून गोबेल्सने संहार व यातना यांची पुष्कळ दृश्ये कापून टाकण्यास लावले, कारण ती पाहून लोकांचे धैर्य खचेल अशी त्याला भीती वाटली. ३० जानेवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये आणि त्याच दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर वेढल्या गेलेल्या ला रॉशेल येथील जर्मन तुकडीपुढे त्याचा पहिला खेळ झाला. तेथे त्याची प्रत विमानातून टाकावी लागली. मार्चमध्ये खुद्द कोलबेर्ग पडले. हा चित्रपट भव्य आहे, कुशल आहे आणि कंटाळवाणा आहे. भाषणांमधून जे वगळले गेले, त्याची उणीव प्रत्येक गर्दीच्या दृश्यात भासते. प्रचारकाने स्वतःच्या हाताने जे कापले, नेमके तेच चित्रपटाला जिवंत ठेवू शकले असते.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड (१९४०) व नंतर इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया (१९४३) यांच्याद्वारे अनुबोधपट व वार्तापट काढले आणि ते दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक केले. ह्या निर्मितीचा लोकमनावर फारसा ठसा उमटला नाही. उलट, बाँबे टॉकीजच्या किस्मत (१९४३) मधील कवी प्रदीप यांच्या एका समूहगीतात जर्मन व जपानी यांचा नामोल्लेख असल्याने ते अभ्यवेक्षकांच्या हातून सुटले. प्रेक्षकांनी मात्र ते बेधडकपणे इंग्रजांना उद्देशून आहे असे मानले आणि त्याचा जल्लोष केला. शत्रूचे नाव सरकारने ठरविले, अर्थ प्रेक्षकाने ठरविला.

व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) हाही येथे विचारात घ्यावा लागतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, जपानविरोधी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केली व १९४२ मध्ये ते तेथेच मृत्यू पावले. चीन त्या काळी मित्रराष्ट्र असल्यामुळे ह्या विषयाला सरकारचा विरोध असण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय चळवळीलाही तो आपलाच वाटत होता. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा महायुद्ध संपले होते. सोळा वर्षांनी चीनशी युद्ध झाले आणि १९६४ मध्ये चेतन आनंद यांचा हकीकत आला. लडाखमध्ये माघार घेणाऱ्या तुकडीची ही कथा लष्कराच्या सहकार्याने चित्रित झाली. त्यातील चिनी सैनिक ठोकळेबाज आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रेक्षकाच्या स्मरणात राहतात ते थंडी, थकवा, घरची आठवण आणि मदत वेळेवर न पोहोचणे. पराभवावर बेतलेला असल्यामुळे ह्या चित्रपटाला जयघोषाचा आधार घेता आला नाही आणि ते त्याच्या पथ्यावर पडले. नंतरच्या अनेक हिंदी युद्धपटांना विजयाचा विषय मिळाला, पण हा संयम क्वचितच साधला.

प्रचारपटांविषयीची शंका युद्धविरोधी चित्रपटांनाही लागू पडते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट (१९३०) च्या बर्लिनमधील खेळात नाझींनी डिसेंबर १९३० मध्ये उंदीर सोडून व दुर्गंधी पसरवून गोंधळ घातला आणि काही दिवसांतच त्यावर बंदी आली, यावरून अशा चित्रपटांचे सामर्थ्य दिसते. परंतु फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्युफो याने असे मत मांडले होते, की युद्धावरील प्रत्येक चित्रपट अखेर युद्धाच्या बाजूचाच ठरतो. पडद्यावरील हालचाल, गर्जना व सहजीवन यांचे आकर्षण विचारांना मागे टाकते, असा त्याचा आशय. १९९०–९१ च्या आखाती युद्धात भाग घेतलेला अमेरिकन नौसैनिक अँथनी स्वॉफर्ड याने जारहेड (२००३) ह्या आत्मकथनात लिहिले आहे, की युद्धावर निघण्यापूर्वी त्याच्या तुकडीने व्हिएटनामविषयीचे चित्रपट पाहिले व त्यांतील संहाराने सैनिकांना चेव आला. सैन्याने ज्याला साहाय्य नाकारले होते, तो अपॉकॅलिप्स नाउ त्यांतच होता. ह्याउलट, संरक्षण खात्याच्या भरघोस साहाय्याने तयार झालेल्या द ग्रीन बेरेट्स (१९६८) चा शेवट आज हसे होण्यासाठीच उल्लेखिला जातो : व्हिएटनामचा समुद्रकिनारा पूर्वेकडे असताना त्यात सूर्य समुद्रात मावळतो.

एकच चित्रपट परस्परविरोधी हेतूंनी दाखविला गेल्याचेही उदाहरण आहे. अल्जीरियन स्वातंत्र्यलढ्यावरील जिल्लो पाँतेकोर्व्हो याचा द बॅटल ऑफ अल्जिअर्स (१९६६) त्या लढ्यातील नेता यासेफ सादी याच्या सहभागाने तयार झाला. त्यात एकही वार्तापटाचा तुकडा नसूनही तो वार्तापटासारखा भासतो. क्रांतिकारकांच्या बाजूने असूनही बॉम्ब फुटण्यापूर्वीच्या उपाहारगृहातील फ्रेंच चेहरे, त्यांतील आइस्क्रीम खाणारे लहान मूल, तो टाळत नाही. मुक्तिलढ्यांच्या समर्थकांनी तो प्रेरणा म्हणून पाहिला आणि २००३ मध्ये इराकमधील युद्धाच्या संदर्भात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी त्याचा खेळ लावला.

आस्वादाला मर्यादा घालावी काय, याबाबत देशोदेशी भिन्न धोरणे आहेत. जर्मनीत नाझी काळातील सुमारे चाळीस चित्रपट, त्यांमध्ये हारलानचाच ज्यूद्वेष्टा यूट झ्यूस (१९४०), आजही सरसकट वितरणात नाहीत. ज्यू समाजाविषयीचा तिरस्कार हाच यूट झ्यूसमधील नाट्याचा प्राण असल्याने तेथे आनंद व द्वेष वेगळे करता येत नाहीत. असे चित्रपट माहितगार व्यक्तीच्या प्रास्ताविकासह व नंतर चर्चा ठेवून दाखवावे, असा तेथील दंडक आहे. ही यादी कमी करावी, की प्रास्ताविकाची अट कायम ठेवावी, याविषयी जर्मन अभ्यासकांत मतभेद आहेत.